तोफा होत्या, धान्य नव्हतं

युद्धाची सायफाय म्हटलं की आपण आधी गन बघतो. पण जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवा. तिथे विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे जिंकतात आणि पेशवे विज्ञानाची केंद्रं उभारतात.

खरं पानिपत मात्र भीषण. १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा दमदार, पण जड, हलवणं अवघड. अब्दालीकडे जंबुरक, म्हणजे उंटावरची हलकी तोफ, हवी तिकडे न्या. त्यात आपली रसद आधीच तुटलेली. माणसं, जनावरं उपाशी.

गेममध्ये हेल्थ पॅक वाटेत पडलेला सापडतो. तिथे धान्य नव्हतं. म्हणून स्क्रीनवर रोबोंची फौज दिसली की एवढंच विचारा: हिचं चार्जिंग कुठून येतंय?