कंपवात आणि मूलपेशींची आशा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या घरी कंपवाताचा रोगी आहे, त्या घरी हल्ली एक प्रश्न हटकून निघतो : मूलपेशींचे इंजेक्शन घेतल्याने हा रोग बरा होतो म्हणतात, ते खरे काय? या आशेपायी दागिने मोडण्याची वेळ कोणावरही येऊ नये, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

या रोगाचे वर्णन लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. मेंदूतील एका काळसर भागातील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात. त्या हळूहळू नाश पावल्या म्हणजे हात कापतो, अंग ताठरते, पाऊल अडखळते. लेव्होडोपा हे औषध त्या द्रव्याची उणीव भरून काढते. आपल्या खाजकुइलीच्या बियांतही ते असते. परंतु मेलेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत. म्हणून नव्या पेशींचे रोपण करावे, हा विचार पुढे आला.

स्वीडनमधील लुंड येथे १९८७ साली गर्भपेशींचे रोपण झाले. अमेरिकेतील ४० रोग्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. तीत काहींवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला होता. तुलनेअंती लाभ तरुण रोग्यांतच दिसला. शिवाय काहींस पुढे अनावर हालचालींचा त्रास जडला.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या प्रौढ पेशींस पुन्हा मूलपेशींचे रूप दिले. त्याच मार्गाने क्योटो येथे २०१८ पासून सात रोग्यांच्या मेंदूत पेशी रोवल्या गेल्या. २०२५ च्या अहवालानुसार दोन वर्षांत गंभीर अपाय आढळला नाही. परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली औषधाचा अंमल नसतानाही सुधारल्या. वार्ता आनंदाची खरी; परंतु रोगी अवघे सात, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

ध्यानात ठेवा, हे दंडात टोचावयाचे इंजेक्शन नव्हे. कवटीस छिद्र पाडून केलेली शस्त्रक्रिया आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अशा रोगांवर मान्य चाचणीबाहेर मूलपेशी देण्यास अनुमती देत नाहीत. म्हणून कोणी खात्रीचा गुण सांगून मोठी रक्कम मागू लागला, तर प्रथम विचारा : ही नोंदलेली चाचणी आहे काय? तोवर औषध वेळेवर द्या, व्यायाम चुकवू नका आणि रोग्यास माणसांतून दूर ठेवू नका.