सुचविणे आणि ‘सजेस्ट’

परगावचा पाहुणा पंढरपुरात उतरला की आपण त्याला सहज म्हणतो, “आधी चंद्रभागेवर जाऊन या, मग दर्शनबारीला लागा.” ही काही आज्ञा नव्हे. मराठीत याला सुचविणे म्हणतात, इंग्रजीत ‘सजेस्ट’. इथवर सगळे सरळ आहे. घोटाळा होतो तो वाक्य जुळविताना.

आमचा विद्यार्थी बेधडक लिहितो, ‘आय सजेस्ट यू टू गो’. ‘आय ॲडव्हाइज यू टू गो’ चालते, मग या क्रियापदाने काय घोडे मारले, असा त्याचा सवाल. आणि तो रास्तच आहे. सल्ला माणसाला द्यायचा असतो. ‘सजेस्ट’ मात्र माणसाला हात लावीत नाही, ते कल्पना तेवढी पुढे ठेवते. म्हणून ‘आय सजेस्ट दॅट यू गो’. ‘यू’च्या जागी ‘ही’ आला तरी ‘गो’च, ‘गोज’ नव्हे. हे कानाला खटकत असेल तर ‘शुड गो’ म्हणा, इंग्लंडात ते सर्रास चालते.

खरे तर मराठी माणसाला हे जड जाऊ नये. ‘तो जातो असे मी सुचवितो’ असे आपण म्हणतो का? ‘त्याने जावे’ असेच म्हणतो. आपले ‘जावे’ तेच त्यांचे ‘गो’. उलट, ‘त्याच्या चेहऱ्यावरून तो थकलेला दिसतो’ या अर्थी ‘सजेस्ट’ आले, तर तिथे ‘व्हावे-करावे’ नाही. म्हणून इंग्रजीतही साधे ‘ही इज टायर्ड’. आधी मराठीत म्हणून पाहावे, निम्म्या चुका तिथेच गळतील.

वाक्याची घडण एक असली तरी क्रियापदाचे वजन सांभाळावे लागते. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये सानेगुरुजींनी येथे उपोषण केले. ‘ही डिमांडेड दॅट द टेंपल बी ओपन्ड’. यात ‘सजेस्टेड’ घाला. व्याकरण जसेच्या तसे राहते, उपोषण मात्र नाहीसे होते!

आणि आपली ‘सूचना’? ती तर केव्हाच कडक झाली आहे. फलकावर ‘सूचना’ लिहिले की खाली हुकूमच असायचा. हिंदीत तिचा अर्थ नुसती माहिती. कचेरीत ‘साहेबांनी काम थांबविण्याच्या सूचना दिल्या’ याचे इंग्रजी कुणी ‘सजेस्टेड’ केले, तर उद्या चौकशीत विचारतील, “साहेबांनी नुसते सुचविले होते ना? मग काम थांबविले कुणी?” अशा जागी ‘इन्स्ट्रक्टेड’ लिहावे.