घाटेअळीचं विरजण

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात विषाणू म्हटलं की लोकांना कोरोना आठवतो, नाहीतर संत्र्यावरचा ट्रिस्टेझा. उपयोगाचा विषाणू असं कुणी म्हणालं, तर पारावर हशा पिकतो. पण हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसलेल्या अळीला विचारावं!

एचएएनपीव्ही असं या उपयोगी विषाणूचं अवघड नाव. माणूस, गुरंढोरं, मधमाशी यांच्या वाटेला तो जात नाही. अळी पानाबरोबर त्याचे कण खाते, पोटातल्या रसात त्यांचं कवच विरघळतं आणि पाच-सात दिवसांत खेळ खलास. मेलेली अळी शेंड्याला मागच्या पायांवर उलटी लटकते. बोट लावलं की कातडी फुटून काळपट पाणी गळतं. त्यात पुन्हा कोट्यवधी कण.

विरजणच की हे! चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं, तशी एक रोगट अळी शेजारणींना रोग लावते. काही शेतकरी अशा अळ्या वेचून, पाण्यात ठेचून, फडक्यातून गाळून तेच पाणी फवारतात. ब्राझीलमध्ये सोयाबीनवरच्या अळीसाठी असाच विषाणू लाखो हेक्टरांवर वापरला गेला.

पण उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल का? भर दुपारी हा विषाणू फवारणारे नेमकं तेच करतात. उन्हातले अतिनील किरण त्याला निकामी करतात. म्हणून फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पाण्यात नीळ घालतात ती उन्हापासून आडोसा म्हणूनच. दुपारी पंप चालवायचा आणि तिसऱ्या दिवशी ‘औषध बोगस’ म्हणत दुकानदाराशी भांडायचं, हे काही बरं नव्हे. विरजणाला रात्रभर वेळ द्यावा लागतो, याला आठवडाभर. आणि अळी बारीक असतानाच फवारावं; मोठी अळी सहजी दाद देत नाही.

उपयोगाचा विषाणू हा एवढाच नव्हे. 2002 साली मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतलं जनुक कामाला लावणारा तुकडाही फुलकोबीच्या विषाणूचाच. पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा विषाणू होता, वाढू न शकणारा. खुद्द ट्रिस्टेझाचा सौम्य प्रकार आधी कलमात सोडून जहाल प्रकाराला अडवण्याचा उपाय ब्राझीलच्या मोसंबीबागांत चालला. संत्रावाल्यांसाठी हा विषय मोठा, पण वेळ संपत आला आहे.

राहिली तूर. तिच्या शेंगांवरही हरभऱ्यावरची हीच अळी येते. तिथंही पंप संध्याकाळीच काढावा.