सहाव्या गाठीचा संकेतांक



रुग्णाच्या मेंदूतील गाठीवर किरणोपचार झाले, रुग्ण घरी गेला, म्हणजे काम संपले असे आपण समजतो. अमेरिकेत मात्र तेथून दुसऱ्या एका कामास आरंभ होतो. डॉक्टरांनी जे केले ते पाच अंकी संकेतांकांत उतरवावे लागते, आणि विमा कंपनी प्रथम वाचते ते हे अंकच. ही संकेतावली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली.

पण जी शस्त्रक्रिया शस्त्रावाचून होते तिची नोंद कशी करावयाची? स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली या पद्धतीची कल्पना मांडली. कवटी न उघडता अनेक दिशांनी सूक्ष्म किरण सोडावयाचे. प्रत्येक किरण एकेकटा दुर्बळ, परंतु जेथे ते सर्व एकवटतात तेथे प्रखर. स्टॉकहोम येथील पहिल्या गॅमा नाइफ यंत्रात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते.

हे काम एकट्याचे नव्हे. शल्यविशारद आणि किरणोपचारतज्ज्ञ दोघेही त्यात असतात, आणि प्रत्येकाच्या कामाचे संकेतांक निराळे असतात. शल्यविशारदाच्या कामासाठी २००८ पर्यंत एकच संकेतांक होता. गाठ एक असो वा अनेक, सोपी असो वा अवघड, अंक तोच. २००९ साली तो रद्द होऊन भेद करण्यात आला. पहिल्या साध्या गाठीस ६१७९६ व पहिल्या गुंतागुंतीच्या गाठीस ६१७९८; पुढच्या प्रत्येक गाठीस अनुक्रमे ६१७९७ अथवा ६१७९९. डोक्यास चौकट बसविण्याचा संकेतांक वेगळा, ६१८००.

गुंतागुंतीची कोणती? जिचा व्यास साडेतीन सेंटिमीटर वा त्याहून अधिक आहे ती. पण लहान गाठही गुंतागुंतीची ठरू शकते. दृष्टीच्या मज्जातंतूपासून पाच मिलिमीटरच्या आत असलेली गाठ आकाराने कितीही लहान असो, तेथे चूक झाली तर दृष्टी जाण्याचे भय असते. मात्र हे अंतर डॉक्टरांनी टिपणात लिहिले नसेल, तर संकेतांक देणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग नाही. त्याने अनुमानाने लिहावयाचे नसते. हातून झालेली दक्षता कागदावर न आल्यामुळे साधी ठरते.

आता याच व्यवस्थेची मर्यादा पाहा. पुढच्या गाठींचे संकेतांक, दोन्ही प्रकार मिळून, संपूर्ण उपचारात चारपेक्षा अधिक वेळा लिहिता येत नाहीत. म्हणजे पहिली एक आणि पुढच्या चार, अशा पाच गाठींची गणना होते. शरीरात अन्यत्र उद्भवलेला कर्करोग मेंदूत पसरला, तर कित्येकदा त्याहून अधिक गाठींवर एकाच बैठकीत उपचार केले जातात. सहाव्या गाठीवरही किरण तितक्याच काळजीने सोडले जातात. पण संकेतांकांपुरती ती गाठ अस्तित्वातच नसते.

भाषांतराचे काम करणाऱ्यास यात परके असे काही वाटत नाही. मुळातील सर्व काही दुसऱ्या भाषेत येत नाही हे तो जाणतो. म्हणूनच तो मूळ ग्रंथ टाकून देत नाही. अंकांवाचून मोठा कारभार चालावयाचा नाही हे खरे; परंतु त्या अंकांमागचे टिपण पूर्ण आणि प्रामाणिक असले पाहिजे. उद्या त्याच रुग्णाच्या डोक्यात नवी गाठ दिसली, तर पूर्वी किरण नेमके कोठे आणि किती पडले हे नव्या डॉक्टरला त्या टिपणातूनच कळणार आहे. सहावी गाठ तेथे तरी नोंदलेली असावी.