कुरकुरणारे आसन

मराठीत आवाजांना किती नावे आहेत याचा अंदाज घ्यायचा असेल, तर आठ-दहा वर्षे वापरलेल्या मोटारीत बसून गावातून एक फेरी मारावी. गतिरोधक आला की पत्रा खडखडतो, पट्ट्याचे बकल टकटक करते, कातडे करकरते आणि आपण ज्यावर बसलो आहोत ते आसन कुरकुरते. कोल्हापुरी वहाणेची करकर आपण हौसेने पैसे देऊन विकत घेतो. आसनाची कुरकुर मात्र फुकट मिळूनही कोणाला नको असते.

ही कुरकुर घरच्या घरी, अंगणात किंवा इमारतीखाली गाडी लावतो त्या जागेवर, थोडक्या खर्चात बहुधा थांबवता येते. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. कारण काही आवाज असे असतात की त्यांच्या वाटेला आपण न जाणेच बरे. त्यांच्याविषयी मी मागाहून बोलणार आहे. मी तर्कशास्त्राचा शिक्षक, यंत्रशास्त्राचा नव्हे. तरीही हा विषय मी बोलायला घेतला, याचे कारण असे की या कामात बारा आणे भाग शोधण्याचा असतो आणि पान्याचा भाग फार तर चार आण्यांचा.

आधी कुरकुर उत्पन्न कशी होते ते पाहू. दोन वस्तू एकमेकींवर दाबून बसलेल्या आहेत, आणि खालून धक्का आला की एक दुसरीवरून सरकू पाहते. प्रथम ती सरकत नाही; घर्षण तिला धरून ठेवते. ताण वाढत जातो आणि एका क्षणी पकड सुटते. सुटल्यावर घर्षण कमी होते, म्हणून ती एकदम पुढे घसरते. घसरली की ताण उतरतो आणि पुन्हा पकड बसते. पकडणे आणि सुटणे, पकडणे आणि सुटणे, असे एका सेकंदात कितीतरी वेळा घडले की आपल्याला कुरकुर ऐकू येते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच चाललेले असते. तिथे राळ लावून पकड मुद्दाम वाढवलेली असते इतकेच. गजाने वाजणाऱ्या तारांचा सूक्ष्म अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास केला होता आणि १९१८ साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला होता. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते प्रकाशावरील कामाबद्दल, पुढे १९३० मध्ये. तेव्हा आसनाखालचा आवाज अगदीच हलक्या कुळातला आहे असे समजू नका!

एवढे कळले की उपायही उघड होतात. ते दोन भाग इतके घट्ट आवळावे की सरकणारच नाहीत. किंवा इतके निसरडे करावे की पकडणारच नाहीत. आणि यातले काहीच जमण्याजोगे नसेल तर मध्ये मऊ काहीतरी घालून त्यांची गाठच पडू देऊ नये. बोल्टाला पहिला उपाय, रुळाला दुसरा, स्प्रिंग आणि प्लास्टिक यांना तिसरा. बैलगाडी हाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे पूर्वापार ठाऊक होते. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे तो त्याचसाठी. पण तो वंगण देई ते आसाला. साऱ्या गाडीला वंगण फासत सुटत नसे. आपण मात्र कुरकुर ऐकली रे ऐकली की तेलाची बाटली घेऊन धावतो आणि दिसेल त्या फटीत धार सोडतो.

या तेलाविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. म्हणजे पुण्या-नाशकाच्या हिवाळी सकाळी तुमचे वंगण गोठलेले असणार. कुठलेही पातळ तेल धूळ ओढून घेते, आणि तेलात भिजलेली धूळ म्हणजे रुळाला घासून काढणारा लगदाच. खनिज तेलाने काही जातींचे रबर फुगते, ते निराळेच. निळ्या-पिवळ्या डब्यात मिळणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा पुष्कळांच्या घरी असतो. तो १९५३ साली तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, आणि नावातल्या दोन इंग्रजी अक्षरांचा अर्थही तोच. अडकलेला मळ सोडवायला, गंजलेला बोल्ट मोकळा करायला तो उत्तम. पण त्यातला बराच अंश उडून जातो आणि मागे राहतो तो पातळ थर. आसनाच्या रुळावर वर्षभर टिकणारे वंगण त्याच्याकडून मागू नये. रुळाला हवे पांढरे लिथियम ग्रीस. प्लास्टिक आणि रबर यांना सिलिकोनचा फवारा चालतो, पण तो फडक्यावर मारून मग पुसावा. पायाखालच्या पेडलवर किंवा सुकाणूच्या चाकावर तो उडाला, तर कुरकुर परवडली असे म्हणण्याची पाळी येईल.

आता शोध. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतली व्यतिरेक पद्धती मी वर्गात शिकवतो तेव्हा मुले जांभया देतात. मोटारीत ती फार रंजक होते. बाकी सारे तसेच ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची. आवाज गेला, तर बदललेल्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि आवाज थांबला, तर गुण कोणाचा हे कधीच कळत नाही. आणि आठवड्याने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हा गाडी शांत जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा. आसनाखालची छत्री, पाण्याची बाटली, सुटी नाणी, मुलांची खेळणी सगळे बाहेर काढा. हसू नका, कित्येक कुरकुरींचा शेवट इथेच होतो. मग घरातले जरा वजनदार माणूस आसनावर बसवा आणि त्याला सावकाश पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे झुलायला सांगा. तुम्ही बाहेरून ऐका. कान फसवतो, विशेषतः बंद गाडीत; म्हणून हातभर रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी धरा व दुसरे संशयित जागेजवळून फिरवा. बोटांची टोके लोखंडावर टेकवली तर पकड सुटल्याचा बारीक झटका हाताला कळतो, आणि हात कानापेक्षा कमी खोटे बोलतो.

आता एकेक बदल. पट्ट्याचे बकल हातात धरा. आवाज गेला? मग चोर तिथेच, आसनाच्या बाजूच्या प्लास्टिकवर ते घासत होते. नाही गेला? डोके टेकवायची उशी काढून ठेवा. त्यानंतर बसलेल्या माणसाला पाठ टेकू देऊ नका, नुसत्या बैठकीवर झुलू द्या. मग आसन आणि मधला खण यांच्यामध्ये घडी घातलेला रुमाल सरकवा. शेवटी आसन रुळावर एक खाच पुढे घ्या. प्रत्येक वेळी आधीचा बदल मागे घ्यायचा, हे विसरू नका. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला एका कार्यशाळेने सबंध आसन बदलायचा सल्ला दिला होता. शेजारीणबाईंनी वरच्या उशीच्या दोन दांड्यांभोवती कापडी पट्टी गुंडाळली, आणि तेव्हापासून ते आसन तोंड उघडत नाही.

मिलची दुसरी एक पद्धतही इथे उपयोगी पडते: कार्य कशाच्या बरोबर वाढते-घटते ते पाहणे. सकाळी थंडीत कुरकुर आणि दुपारी उन्हात शांतता, असे असेल तर प्लास्टिकचा किंवा फोमचा संशय घ्यावा, कारण उष्णतेने ते मऊ होतात आणि प्रसरण पावतात. पावसाळ्यात सुरू झालेली कुरकुर ओल्या पायपुसण्यांखाली गंजू लागलेल्या लोखंडाची असू शकते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विशेषच. वळण घेतानाच आवाज होतो तेव्हा आसनाची बाजू कुठेतरी घासत असते. आणि गाडी निघताना एकदा ‘कट्’ व ब्रेक लावताना एकदा ‘कट्’, ही कुरकुर नव्हे. आसन जागच्या जागी पुढे-मागे हलते आहे. इकडे नीट लक्ष द्या.

ठिकाण सापडले की काम सोपे. रुळाचे असेल तर आसन पार मागे न्या, पुढचा उघडा रूळ जुन्या कुंचल्याने झाडा, फडक्याने पुसा. मग आसन पार पुढे आणून मागचा भाग. जुने काळे ग्रीस पुसून निघेपर्यंत नवे लावायचे नाही. नवे लावायचे तेही बोटभर नव्हे, पातळ हात. पाच-सहा वेळा आसन मागे-पुढे करून वर आलेले पुसून टाकावे, नाहीतर ते धोतराला किंवा साडीला लागल्याशिवाय राहत नाही. यानंतर प्रत्येक खाचेत आसन दोन्ही बाजूंनी पक्के अडकते ना, हे जोराने ढकलून पाहावे. चालत्या गाडीत घसरणारे आसन कुरकुरणाऱ्यापेक्षा शतपट वाईट.

बैठकीखालून आवाज येत असेल तर बॅटरीच्या उजेडात खालून पाहा. आडव्या नागमोडी तारा दिसतील. त्याच आजच्या स्प्रिंगा. चौकटीत त्या अडकतात तिथे प्लास्टिकची टोपणे असतात. ती झिजली की तार लोखंडावर घासते. तिथे जाड कापडी पट्टी गुंडाळावी किंवा बारीक रबरी नळीचा तुकडा उभा चिरून बसवावा. पूर्वीच्या गाड्यांत बाकासारखी लांब आसने असत आणि ती कुरकुरली की सगळे कुटुंब एकदम कुरकुरे; पद्मिनी टॅक्सीत बसलेल्या मुंबईकरांना ते आठवत असेल. ती टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. रेक्झिन किंवा कातडे कशावर घासत असेल तर आधी ते ओल्या फडक्याने स्वच्छ करून वाळवावे. मळानेच पुष्कळदा पकड वाढलेली असते. तरीही करकर राहिली तर घासणाऱ्या जागी, न दिसेल अशा बेताने, नमद्याची पट्टी चिकटवावी.

राहता राहिले बोल्ट. आसन गाडीच्या तळाला साधारणपणे चार बोल्टांनी जखडलेले असते, दोन पुढे, दोन मागे, बहुधा प्लास्टिकच्या झाकणांखाली. ते सैल नाहीत ना, एवढे पाहायला आसन काढावे लागत नाही. ते मागे-पुढे सरकवले की पुरते. बोल्ट किती जोराने आवळायचा याचा आकडा गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत असतो आणि तो मोजणारा टॉर्क पाना मिळतो. अंगात आहे तेवढा जोर लावून आटे बिघडवू नयेत. बोल्ट नुसताच फिरत राहिला, घट्ट होईना, तर तिथेच थांबा.

हा आग्रह का, ते सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणे; तिसऱ्या मजल्यावरून म्हणा हवे तर. त्या क्षणी माणसाला धरून ठेवतो तो पट्टा, आणि पुष्कळ गाड्यांत त्या पट्ट्याचे बकल आसनालाच जोडलेले असते. म्हणजे सारा भार अखेर त्या चार बोल्टांवर येतो. तुमच्या शेजारी रोज कोण बसते ते आठवा; म्हातारी आई असेल, परीक्षेला निघालेली मुलगी असेल. म्हणून चौकटीला तडा दिसला, जोडकामाचा टाका उकललेला दिसला, किंवा पाठ कलती करण्याच्या सांध्यात ढिलेपणा जाणवला, तर ग्रीस, पट्टी, पाना सगळे बाजूला ठेवून गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी. अशा जागी आवाज बंद करणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधणे होय.

आणखी एक. आजच्या आसनाखाली तारा असतात. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग आणि पट्टा लावण्याची आठवण देणारी घंटी सक्तीची झाली. शिवाय काही गाड्यांत आसनाच्या पाठीतच बाजूची एअरबॅग बसवलेली असते. तिच्या तारेची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. पिवळे दिसले की हात मागे घ्यायचा. ती ओढायची नाही, सोडवायची नाही, मापकाच्या सुया तिला टोचायच्या नाहीत. आसन बाहेर काढल्यावाचून भागणारच नसेल, तर ते काम शिकलेल्या माणसाचे आहे. तो आधी बॅटरीची जोडणी सोडतो आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून मगच तारांना हात लावतो. घरी करायची जी कामे मी वर सांगितली, त्यांतल्या एकालाही तार सोडवावी लागत नाही.

दुरुस्ती झाली की गाडी नेहमीच्याच रस्त्याने, नेहमीच्याच गतिरोधकावरून न्या, आणि ज्या आसनाची दुरुस्ती केली त्यावर तेच वजनदार माणूस बसवा. रिकामे आसन क्वचितच बोलते. पंधरा-वीस दिवसांनी बोल्टांवर पुन्हा एकदा पाना फिरवून पाहा. एवढ्यात तुम्हाला मागच्या दाराची खडखड ऐकू येऊ लागली असेल. ती नवी नाही बरं का. इतके दिवस ती या कुरकुरीखाली झाकलेली होती.