रक्ताच्या नात्याहून मोठे नाते
(ढोकी येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



घरातील कर्त्या पुरुषाला बायपास शस्त्रक्रिया सांगितली जाते, तेव्हा घर दोन गोष्टींची जुळवाजुळव करू लागते : पैसा आणि रक्त. पैशासाठी शेताकडे पाहिले जाते, रक्तासाठी मुलाकडे. ‘पोटच्या पोराचे ताजे रक्त बापाला चढवा’ असा आग्रह धरला जातो. त्यामागचे प्रेम खरे आहे. समजूत मात्र खरी नाही.

मुळात रक्त का लागते? हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रुग्णाचे रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवावे लागते. ते गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि शेवटी प्रोटामिन देऊन त्याचा प्रभाव उतरवतात. तोवर यंत्रातील द्रवामुळे रक्त पातळ झालेले असते आणि रक्तस्राव रोखणाऱ्या रक्तबिंबिका क्षीण झालेल्या असतात. म्हणूनच पहिल्या रात्री छातीतील नळीतून किती रक्त आले, याची तासातासाला नोंद होते. शंभरांतील मोजक्या रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते.

हा धोका कमी करण्याचे काम घरापासून सुरू होते. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी साधारण पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. पण हा निर्णय डॉक्टरांचा, आपला नव्हे. चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण त्यांना सांगावे. रक्तक्षय असल्यास तो आधी दूर करावा. शिवाय ‘एक बाटली चढवली की ताकद येते’ हाही भ्रमच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच हजार हृदयरुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की, हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली गेल्यावरच रक्त देणे हे साडेनऊच्या खाली जाताच देण्याइतकेच सुरक्षित आहे.

मात्र गरज पडते तेव्हा क्षणाचाही विलंब चालत नाही. त्या वेळी मुलाचे रक्त काढून, एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग, हिवताप अशा सर्व तपासण्या करण्यास अवधी कुठला? शेजारच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांचीही पारख केल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत. रक्ताच्या पिशवीलाही पारखीतून सूट नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जवळच्या नातलगाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि तो विकार बहुधा प्राणघातक ठरतो. त्यामुळे किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्यावाचून असे रक्त देऊ नये. बापाला वाचवते ते कुण्या अनोळखी माणसाने आठवड्यापूर्वी दिलेले रक्त. त्याची जात कोणती, गाव कोणते, हे पिशवीवर लिहिलेले नसते. समरसतेचा याहून सोपा पाठ कोणता?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची भूमी हादरली, तेव्हा अवघा समाज धावून आला. संकटात आपला समाज जागा होतो, हे त्याचे वैभव आहे. परंतु हृदयरुग्णाची रात्र कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, रक्तबिंबिका अवघे पाच दिवस. एखाद्या जयंतीला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमा झाल्या, तर पुढच्या महिन्यांत हेच दाते रक्त देऊ शकत नाहीत. कारण पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने चार महिने थांबायचे असते. मग मे महिन्याच्या उन्हात रक्तपेढ्या रित्या होतात. पुण्याची जनकल्याण रक्तपेढी असो वा सोलापूरची डॉ. हेडगेवार रक्तपेढी, त्यांना उत्सवी दात्यापेक्षा नियमित दाता हवा असतो.

तेव्हा प्रत्येक गावाने दात्यांची यादी करावी आणि ती बारा महिन्यांवर वाटून घ्यावी. मुलाने रक्त अवश्य द्यावे. पण वडील आजारी पडण्याची वाट न पाहता, दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांसाठी. आपल्या वडिलांसाठी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाने ते आधीच दिलेले असेल.