भात लावणीचे यंत्र आणि आपली खाचरे



आपल्या महाड-पोलादपूरकडील पुष्कळ तरुण मुंबईस किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत. ऐन लावणीत माणसे मिळत नाहीत आणि खाचरे पडीक राहतात. तेव्हा लावणीचे यंत्र आणावे, असा विचार साहजिकच पुढे येतो. विचार चांगला आहे. परंतु यंत्राचे काम रोप, चिखल आणि खाचर या तिन्हींवर अवलंबून असते, हे पैसे घालण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट रोपाची. राबावर वाढवून मुठी बांधलेली रोपे या यंत्राला चालत नाहीत. त्यासाठी चाळलेल्या मातीच्या सुमारे 2 सें.मी. थरावर मोड आलेले बी पेरून चटईसारखे रोप तयार करावे लागते. बी विरळ पडले, तर यंत्राचे चिमटे रिकामे जातात आणि ओळीत खाडे पडतात. रोप 15 ते 20 दिवसांचे असतानाच लावावे.

दुसरी गोष्ट चिखलाची. चिखलणी होताच यंत्र घातले, तर चाकाने ढकललेला चिखल शेजारची ओळ गाडतो. फार थांबलो, तर चिखल घट्ट होतो आणि रोप नीट रुजत नाही. साधारणपणे एक दिवस चिखल बसू द्यावा. पाणी 2-3 सें.मी. पुरे; अधिक असल्यास रोपे तरंगतात. म्हणून सावित्रीकाठच्या सपाट शेतांत पाण्याला वाट आधीच करून ठेवावी.

तिसरी गोष्ट खाचराची. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहा. 30 सें.मी. अंतराच्या चार ओळी म्हणजे 1.2 मीटर रुंदी. ताशी दीड किलोमीटर वेगाने एका तासात 1,800 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 18 गुंठे लावणी व्हावी. परंतु पोलादपूरकडील उताराच्या लहान खाचरांत वळणे घेण्यात, बांध ओलांडण्यात आणि चटया भरण्यात निम्मा वेळ गेला, तर 9 गुंठेच होतील. भाडे मात्र तासावरच मोजावे लागेल.

यावर उपाय एकीचा आहे. लगतच्या खातेदारांनी मिळून एक यंत्र ठरवावे, शेते सपाट करावीत आणि पाळीप्रमाणे दोन-तीन दिवसांच्या अंतराने चटया पेराव्यात.

पालकांना एक विनंती. दापोलीस 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषि विद्यापीठात कृषि अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी ही वाटही धरावी. यंत्र विकत मिळते. ते आपल्या मातीत चालवण्याचे ज्ञान मात्र शिकूनच मिळवावे लागते.